लाइनीचा दोष

बंद पडलेला कॉम्प्युटर दुकानात आला की कॅबिनेटचा पत्रा काढायच्या आधी आम्ही एक प्रश्न विचारतो. "घरची लाइन कशी आहे?" वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाला "चांगली आहे" असं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही. "काय सांगू भाऊ, जाते-येते, जाते-येते," असं म्हणतात, नाहीतर नुसतेच हात झटकतात. मग पुढचं सोपं होतं. आत काहीही निघो. रॅम गेलेली असो, पॉवर सप्लाय जळालेला असो, नाहीतर मागच्या खेपेला आपणच ढिला बसवलेला पंखा अडकलेला असो, दोष लाइनीचा. लाइन कोणाच्या नात्यातली नाही, ती दुकानात भांडायला येत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं आपलं काही चुकलं नाही, आपल्यालाही तसंच वाटतं, आणि दोघं मिळून वीजवाल्यांना शिव्या घालत चहा पितो. पुष्कळदा दोष खरंच लाइनीचा असतो. म्हणून तर हे चालतं.

हे मी आर्वीला शिकलो. बाजार समितीच्या रस्त्यावर एका दुकानात बारावीनंतर कामाला लागलो होतो. दुकानाचे मालक आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, मग काळ पाहून कॉम्प्युटरकडे वळले. कापसाचा हंगाम असला की जवळपासच्या ऑफिसांतल्या मशिनींच्या पंख्यात रुई अडकायची. कॅबिनेट उघडून मालक म्हणायचे, "पाय रे, या हंगामात एक उशी निघते!" रॅमच्या पिवळ्या दातांवर शाळेचं खोडरबर घासून ती परत बसवली की निम्मे कॉम्प्युटर उठून बसतात, हेही त्यांनीच दाखवलं. घासताना मात्र ते गिऱ्हाइकाकडे पाठ करायचे. त्याला कळलं की नुसतं खोडरबर लागलं, तर धंदा कसा चालेल?

पुढे मी वर्ध्याला स्वतःचं दुकान टाकलं. तेव्हा सगळ्यांना असेंबल मशीनच हवी असायची. सुटे भाग नागपूरहून एसटीच्या पार्सलनं यायचे आणि आम्ही इथं जोडायचो. लोक विचारायचे, "टिकन ना?" मी म्हणायचो, "टिकतेच." आज मागं पाहतो तेव्हा या एका शब्दाशी अडखळायला होतं. बाजारातला हा माल वाईट नसतो. हजारो मशिनी एकसारख्या बनतात, त्यातल्या बऱ्याच चांगल्या चालतात, काही पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकतात. किती मान टाकतील ते बनवणाऱ्याला अंदाजानं ठाऊक असतं. कोणती टाकेल ते मात्र कोणालाच ठाऊक नसतं. घेणाऱ्याच्या घरी हजारो मशिनी जात नाहीत. एकच जाते. ती चालली तर सगळा माल चांगला, बिघडली तर सगळाच खराब. आणि मधे उभा असतो आमच्यासारखा माणूस, "टिकतेच" म्हणणारा. लोक मशिनीवर विश्वास ठेवत नाहीत हो, मशीन त्यांना कुठं कळते? ते आमच्यावर ठेवतात.

मशिनीत सगळ्यात नाजूक असायची ती हार्ड डिस्क. बाकीचे भाग जागच्या जागी बसून असतात, ही आपली रात्रंदिवस फिरत राहते. त्यात आम्ही एक रीत पाडली होती, आणि ती माझ्या एकट्याची नव्हती, सगळ्याच दुकानांतून होती. एकाच डिस्कचे दोन कप्पे करायचे, सी आणि डी. विंडोज सीमध्ये. ते सारखं बिघडायचं, मग सी पुसून नव्यानं टाकायचं. म्हणून गिऱ्हाइकाला पढवून ठेवायचं, "महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवा. सी उडते, डी राहते." बायका, मास्तर, पतसंस्थेतले कारकून, सगळ्यांच्या तोंडी हे झालं होतं. लोक डीबद्दल बोलायचे ते गोदरेजच्या कपाटाबद्दल बोलावं तसं. खरं पाहता एका खोलीत मधोमध पडदा टांगून दोन खोल्या केलेल्या. खोली कोसळली तर पडद्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दोघंही सापडणार. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण समजावून सांगायला वेळ लागायचा, आणि समजलेलं गिऱ्हाईक घाबरायचं.

आता ज्यांच्याबद्दल सांगायचं, ते बोरगाव मेघेला राहणारे एक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही म्हणायचो. बायको आधीच वारलेली. घरात मुलगा, सून आणि वर्षाच्या आतलं नातवंड. मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. निवृत्तीनंतर सरांनी एक काम हातात घेतलं होतं. आर्वी, तळेगाव, आष्टीकडच्या गावांमधून फिरायचं, आणि छप्पन साली दीक्षा घ्यायला नागपूरला गेलेली जी म्हातारी माणसं उरली होती त्यांच्याकडून तो प्रवास ऐकून घ्यायचा. कोण बैलगाडीनं गेलं, कोण बिनातिकिटाचं रेल्वेत चढलं, कोणी पांढरं लुगडं कोणाकडून मागून आणलं. टेपवर घेतलेलं घरी येऊन उतरवून काढायचं. कागदावरच्या अक्षराला नंतर वाळवी लागते म्हणून त्यांना कॉम्प्युटर हवा होता. मीच जोडून दिला, मीच मराठी टायपिंग शिकवलं. आणि मीच सांगितलं, "सर, सगळं डीत ठेवा."

मशिनीची साफसफाई करायला गेलो की सर मला एखादं पान वाचून दाखवायचे. एक आजीबाई मला अजून आठवते. दीक्षेहून आल्यावर घरातले देव नदीत सोडायचे ठरलं. तिनं सगळे सोडले, एक मात्र पिठाच्या डब्यामागे लपवला. भीती वाटली म्हणाली. मग काही महिन्यांनी पीठ काढताना तो हाताला लागला, आणि तिचं तिलाच हसू आलं. "मंग म्या त्याले म्हटलं, तू बी चाल आता." हे सांगताना आजीबाई किती हसली ते सर हसून दाखवायचे. टेपच्या कॅसेटी पुढे बुरशीनं चिकटल्या आणि सरांनी टाकून दिल्या. डीमध्ये आहे म्हटल्यावर कशाला ठेवायच्या?

एका मार्चमध्ये सरांचा फोन आला. मार्च म्हणजे आमच्याकडे शाळांची घाई, सगळ्यांना बिलं महिना संपायच्या आत हवी असतात. दुकानात खोक्यांतून चालायला जागा नव्हती.

"मशीन आवाज करून राह्यली," सर म्हणाले.

"कसा आवाज, सर?"

"टक... टक असा. थांबून थांबून. घड्याळाले ठेच लागल्यासारखा."

पंखा घरघरतो. पंखा टकटक करत नाही. थांबून थांबून टकटक करते ती डिस्क, आतली सुई जागा शोधत असते आणि तिला ती सापडत नसते. तेवढ्या वेळात तिच्यातलं दुसरीकडं उतरवून घेतलं तर सगळं वाचतं. एक पेनड्राइव्ह खिशात घालून बोरगावला जाऊन यायचं, एवढंच काम.

"डीत आहे ना सगळं?" मी विचारलं.

"डीतच आहे."

"मग काहीच होत नाही. पंख्याचा आवाज असन. मार्चचं आटोपलं की येतो."

मार्चचं आटोपलं. मी गेलो नाही. विसरलो असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण विसरलो नव्हतो. रोज सकाळी शटर उघडताना आठवायचं आणि दुपारपर्यंत दुसरी कामं त्यावर येऊन बसायची.

ऊन चांगलं तापल्यावर एक दिवस ऑटोतून सर आणि त्यांची सून उतरली. कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळून सुनेनं उचलून आणलं होतं, सरांना वजन उचलायची मनाई होती. बाळाला शेजारी ठेवून आली होती. मशीन चालू केली आणि तो आवाज आला. आता थांबून थांबून नव्हता, लागोपाठ होता. सर माझ्याकडे पाहत होते. त्यांना फोन आठवत असणार, आणि आता ते विचारतील, या भीतीनं मी आधीच तोंड उघडलं. सवयीनं जे तोंडात असतं तेच बाहेर पडलं.

"घरची लाइन कशी आहे, सर?"

"लाइन तं जशी आहे तशीच."

"त्या बोर्डावर दुसरं काही लावलं होतं का?"

हे विचारायची काही गरज नव्हती. सून खरं बोलणारी होती, लगेच म्हणाली, "मी कूलर लावला होता दादा, काल दुपारी. दुसरं बटण चालत नव्हतं. लेकरू घामानं भिजून गेलतं. कूलर सुरू केला आन् मशीन बंदच झाली."

मी मान हलवली.

शब्दानं मी काही बोललो नाही. "कूलरमुळे झालं" असं मी म्हटलं नाही, हे पुढे पुष्कळ वर्षं मला आधाराला होतं. पण एखादी गोष्ट उमगल्यावर माणूस सावकाश मान हलवतो ना, तशी हलवली. सरांनी ती पाहिली, मग सुनेकडे पाहिलं. तिनं चादरीची घडी घालायला घेतली.

पुढचंही सांगून टाकतो. तेव्हा डिस्क बंद करून तशीच नागपूरला पाठवायला हवी होती. मी ती दुरुस्तीच्या प्रोग्रामला लावून दिवसभर फिरवत ठेवली, कारण स्वतःच काहीतरी काढून दाखवलं तर आपली लाज राहील असं वाटत होतं. संध्याकाळी आवाज थांबला, आणि डिस्क मशिनीला दिसायचीही थांबली. मग नागपूरला पाठवली. तिथल्या माणसाचा फोन आला, "भाई, ये कितने दिन से आवाज कर रही थी? प्लेट पे खरोंच ही खरोंच है. इतना क्यूं चलाया?" लाइनीचं काही आहे का, कूलरनं होऊ शकतं का, असं मी त्याला विचारलं. तो हसला. बंद पडायची ती वेळ आणि कूलर लावायची वेळ एक झाली, एवढंच.

सरांना मी फक्त इतकं सांगितलं, "नाही निघालं, सर."

"काहीच?"

"काहीच."

"वॉरंटी?" हे त्यांच्या मुलानं नंतर दुकानात येऊन विचारलं. वॉरंटी होती. नवी डिस्क मी बसवूनही दिली. वॉरंटी वस्तूची असते, तीत काय ठेवलं होतं त्याची नसते. सांगणाऱ्यांपैकी बरीच माणसं तोवर गेलेली होती. त्यांच्या घरच्यांना विचारलं असतं तर तारीख-वार सापडले असते, पिठाच्या डब्यामागचा देव सापडला नसता.

सर परत कधी दुकानात आले नाहीत. मी मात्र बदललो. "सी उडते, डी राहते" म्हणणं सोडून दिलं. गिऱ्हाइकांना बसवून समजावायला लागलो की एकाच ठिकाणी ठेवलेलं म्हणजे न ठेवल्यासारखंच, दोन जागी ठेवा, एक घराबाहेर ठेवा. लोक म्हणायचे, हा दुकानदार प्रामाणिक आहे. आता तर फिरणाऱ्या डिस्क गेल्या, नव्या आल्या आहेत त्या चिपच्या, बिनआवाजाच्या. पडल्या तरी सहसा काही होत नाही. पण जायच्या तेव्हा एका क्षणात जातात, टकटक करून सांगत नाहीत. जुनी डिस्क निदान आधी कळवायची. मी दर वेळी पुढच्या माणसाला शहाणपण वाटत होतो, आणि त्यात बोरगावचं घर झाकून जात होतं.

मग या उन्हाळ्यात सरांची सून दुकानात आली. मी ओळखलं नाही, तिनंच ओळख दिली. मुलगा अकरावीला गेला होता, त्याला लॅपटॉप हवा होता. मी दोन-तीन दाखवले. ती नीट ऐकत होती. मग हळूच विचारलं, "दादा, हा असला तं बाजूच्या खोलीत कूलर चालते का?"

"कूलरचा याच्याशी काय संबंध? याले तं बॅटरी आहे."

"तसं नाई. विचारून ठेवलं." मग म्हणाली, "आमच्या त्या कॉम्प्युटरच्या खोलीत कूलर लावतच नाई आमी. मामाजी तिथंच झोपते, मे महिन्यातबी. मी म्हटलं तं म्हणते, 'राहू दे, तू कायले बटणाले हात लावतं?' आता असं म्हटल्यावर माणूस काय बोलन? माझ्याच हातून झालं होतं नं ते."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, आमचे सर. रागानं नाही, तक्रारीनंही नाही, दुकानात वस्तूची किंमत विचारावी तशा आवाजात ती हे बोलली. मी लॅपटॉपच्या पेटीवरची चिकटपट्टी काढत होतो. "असं काही नसतं" एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. ती पेटी घेऊन गेली. जाताना म्हणाली, "येतो दादा."

त्या आठवड्यात मी कोणालाच लाइनीचा प्रश्न विचारू शकलो नाही. एका गिऱ्हाइकानं आपण होऊन सांगायला सुरुवात केली, "लाइनीमुळं..." आणि मी त्याच्या अंगावर खेकसलो, "लाइन नाही, तुमी मशीन पुसत नाही!" तो बिचारा गांगरून गेला.

रविवारी मी बोरगावला गेलो. सर खुर्चीत बसले होते, कृश झाले होते, चेहरा तोच. सुनेनं पाणी दिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी वाटेभर जुळवलेलं बोलायला लागलो, अगदी खालच्या आवाजात, म्हणजे सुनेला ऐकू जाऊ नये. का ऐकू जाऊ नये? तिच्याचसाठी तर आलो होतो. पण सवय.

"काय?" सर म्हणाले.

मी पुन्हा म्हटलं.

"मोठ्यानं बोला. कान गेले माझे."

तिसऱ्यांदाही त्यांना ऐकू आलं नाही. मग त्या लहानशा खोलीत, दार उघडं, शेजारी कोणीतरी मोटारसायकल धूत होतं, आणि मला ओरडून सांगावं लागलं, "डिस्क आधीच खराब झाली होती, सर! कूलरनं काही झालं नव्हतं! मले तेव्हाच माहीत होतं!"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बाहेरचा पाण्याचा आवाजही थांबला असं मला वाटलं, पण ते माझ्या मनाचं असेल.

सर खुर्चीत सरळ बसले. मग शाळेत उत्तर तपासताना विचारावं तसं एकेक विचारू लागले.

"मी तुमाले फोन केला होता."

"हाव, सर."

"आवाजाचं सांगितलं होतं."

"हाव."

"तुमी पंखा म्हणाले."

"म्हणालो. पंखा नव्हता. मले कळलं होतं."

"मग कूलरचं कोणी काढलं?"

"मी काढलं. मीच विचारलं, बोर्डावर काय लावलं म्हणून."

सरांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. "आन् मी धरून ठेवलं," ते म्हणाले. त्यांचा आवाजही मोठाच होता, कान गेलेल्या माणसाचा असतो तसा. "आवाज मार्चात होता. कूलर मेमध्ये लागला. चौथीतल्या पोराले घातलं असतं हे गणित, तं त्यानं सोडवलं असतं. मी नाई सोडवलं. तुमच्यावर राग काढायचा तं वर्ध्याले दुकानात यावं लागलं असतं, भांडावं लागलं असतं. ही घरातच होती."

सून दारात येऊन उभी होती. हाताला कणीक होती. रडेल असं मला वाटलं होतं, ओरडेल असंही वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हंजे तुमा दोघायलेबी माहीत होतं."

सरांनी मांडीवरचा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"दरवर्षी कूलर बाहेर काढाची वेळ आली की मी आज नको, उद्या काढू म्हणतो," ती मला म्हणाली. "हे कामावरून आले का म्हणते, 'बाबांचं काय म्हणणं आहे पायजो पहिले.' शेजारीण हसून म्हणते, 'लेक, तुया हात लय भारी हाय, मिक्सरले लावू नको.' मजाकच करते ते. मीबी हासतो." मग ती सरांकडे वळली आणि आवाज चढवला. चिडून नव्हे, त्यांना ऐकू यावं म्हणून. "मामाजी, माझी माय आलती तळेगावहून. आठवते तुमाले?"

सरांनी मान हलवली.

"इथंच उभी राह्यली होती. हात जोडून म्हणे, पोरीची चूक झाली, पोटात घाला. जेवलीबी नाई, तशीच एसटीनं वापस गेली. तुमी काय म्हटलं होतं तेव्हा?"

"काई नाई म्हटलं."

"हाव. काईच नाई म्हटलं."

तिनं हात धुतले, पदराला पुसले, कपाटावरचा मोबाइल घेतला आणि नंबर लावून स्पीकर सुरू केला. मग फोन माझ्या पुढ्यात धरला. "सांगा माझ्या मायले."

मी म्हटलं, "हॅलो, मावशी, मी वर्ध्याहून..."

"बँकेतून असान तं ठेवा फोन!" पलीकडून खणखणीत आवाज आला. "मी नंबर-फंबर सांगत नाई कोनाले. मागं एकाले फसवलं आमच्या गावात."

"माय, मीच हावो. ऐक हे दादा काय म्हणते ते. ते कॉम्प्युटरचे दुकानवाले."

"काऊन? अजून काई मोडलं का तुया हातून?"

ते ऐकून सुनेनं पहिल्यांदा मान खाली घातली. मी सांगायला सुरुवात केली. मार्चातल्या आवाजापासून. सर खुर्चीतून पुढं झुकून माझ्या ओठांकडे पाहत होते. कुठं मी घाईनं पुढं सरकलो की सून बोटानं थांबवायची, "ते सांगा नं, बोर्डाचं. कोणी विचारलं ते सांगा." मी ते सांगितलं. मान हलवली होती तेही सांगितलं. मान हलवणं फोनवर सांगायला अवघड जातं, मावशींनी दोनदा विचारलं, "म्हंजे तुमी काई बोल्ले नाई?" मी म्हटलं, "बोललो नाही, पण हो म्हटल्यासारखंच केलं."

मग पलीकडे टीव्ही चालू असल्याचं ऐकू येत होतं, तो कोणीतरी बंद केला.

"माझ्या पोरीकडून काईच झालं नव्हतं?"

"नाही, मावशी. काहीच नाही."

"व्याही हायेत का तिथं? द्या त्यायले."

सुनेनं फोन सरांना दिला. त्यांना स्पीकरवरूनही ऐकू जात नव्हतं, तरी त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि उभे राहिले. मावशी काय म्हणतात ते सुनेनंच त्यांच्या दुसऱ्या कानाशी मोठ्यानं सांगितलं, "माय विचारून राह्यली, मी आलती तेव्हा काऊन बोल्ले नाई?"

सरांनी फोन तोंडाजवळ आणला. मग ते म्हणाले, "बाई, तुमी बसा. मी सांगतो." तळेगावला मावशी बसल्या की नाही कोण जाणे. सर मात्र उभेच राहून बोलू लागले, गणितापासून.

त्यांचं चालू असताना मी चपलांकडे वळलो. आता इथं आपलं काम नाही असं वाटलं. खरं म्हणजे सुटलो असं वाटलं. सुनेनं मला दारातच अडवलं.

"बसा दादा. हे येतीन आता ड्युटीवरून. त्यायलेबी सांगा लागते."

मी परत येऊन बसलो. तिनं माझ्यापुढं पाण्याचा दुसरा ग्लास आणून ठेवला. चहाचं विचारलं नाही.